पाणथळावरची डोळ्यांची तपासणी

बाबांनी नाक्यावरच्या एका माणसाला सलग तीन दिवस 'जय भीम' केला आणि त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "हात जोडून उभा असतो, हसतो, पण तोंडातून शब्द नाही. कसला एवढा माज?" रोज सकाळी ते चालत दूध आणायला जातात, तेव्हाची ही गोष्ट. मी म्हटलं, जाऊ द्या, नसेल ऐकू आलं त्याला. रविवारी मी अंबरनाथहून त्यांच्याकडे, बदलापूरला हेंद्रेपाड्यात निघाले आणि त्याच नाक्यावर रिक्षांच्या गर्दीत अडकले. तिथे मला तो माणूस दिसला. जोडलेले हात, हसरा चेहरा, पांढरा सदरा आणि डोक्याच्या वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. माणूस फ्लेक्सचा होता.

खोटं कशाला बोलू, आधी मी हसले. शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला इतकी हसले. मग हसू जागीच थांबलं. कारण हेच बाबा आईला मागे बसवून स्कूटर चालवत होते. बुधवारी भाजीला, रविवारी विहारात, मधूनच कुळगावला मावशीकडे. आईचे गुडघे गेलेत. दोन जिने कसेबसे उतरते, पुढे तिला चालवत नाही, त्यामुळे बाबांची स्कूटर म्हणजेच तिचे पाय. आणि ती चालवणाऱ्याला फ्लेक्स कुठला आणि माणूस कुठला ते कळत नव्हतं.

मी त्याच दुपारी विषय काढला. माझा स्वभाव असा की मनात आलेलं जिभेवर यायला मध्ये कुठे थांबत नाही. "बाबा, डोळे दाखवून घ्या. मोतीबिंदू असणार."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलीत. केसाएवढा चरा असला तरी माल रिजेक्ट!"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता, कारण बाबांच्या डोळ्यांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि ती ते स्वतःच छाती फुगवून सांगतात. अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ते होते, तो कधीचाच बंद पडला. तिथे वर्षातून एकदा सगळ्यांचे डोळे तपासायचे. डॉक्टर बदलायचे, तक्ता कधी बदलला नाही. रांगेतला पहिला माणूस बाहेर पडता पडता तक्त्यातली सगळ्यात खालची बारीक ओळ पुटपुटायचा आणि ती तोंडातोंडी रांगेच्या शेवटापर्यंत जायची. चष्मा लागला तर तपासणीवरून काढून गोदामात टाकतील, ही सगळ्यांना धास्ती. त्यामुळे बाबांच्या अख्ख्या खात्यात एकालाही चष्मा नव्हता. मग पहिल्याला ती ओळ कशी दिसायची, असं मी लहानपणी विचारलं होतं. तर म्हणे पहिला नेहमी नवा भरती झालेला असायचा, चांगल्या डोळ्यांचा, तशी व्यवस्थाच होती.

अशा माणसाला डॉक्टरकडे नेऊन काय उपयोग? बाहेर बाकावर बसलेल्या चार पेशंटांकडून ते आत जायच्या आधी तक्ता काढून घेतील. मला असा तक्ता हवा होता की जो पाठ करता येत नाही. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सुचलं. बदलापूरच्या पुढे नदीच्या वळणावर एक पाणथळ आहे. हिवाळ्यात तिथे पक्षी येतात आणि त्यांना बघायला माणसं येतात. पक्षी काही तक्त्यासारखे एका जागी बसत नाहीत. समोर बसलेल्या पक्ष्याचं बाबांना विचारायचं, चुकले की तिथल्या तिथे पकडायचं आणि सोमवारी डॉक्टर. माझ्या हुशारीवर मी एवढी खूश झाले की नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा "बरं" म्हणाला.

बाबांना मी पिकनिक म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पाण्यात बसलेली पाखरं बघायला एवढं लांब? आपल्या बाथरूमच्या खिडकीत कबुतरं आहेत की." बाबा जन्मले अंबरनाथच्या चाळीत. त्यांच्या लेखी पक्ष्यांच्या तीनच जाती: कावळा, कबूतर आणि बाकीचे. पण आई लगेच तयार झाली. ती मुरबाडकडच्या खेड्यातली, लहानपणी लोकांच्या भातशेतीवर राबलेली. तिने पहाटे उठून तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी केली.

मी म्हटलं, रिक्षा करू. "स्कूटर असताना रिक्षा?" असं म्हणत बाबा जिना उतरलेसुद्धा. खरं कारण सांगितलं असतं तर पिकनिक जिन्यातच मोडली असती. रविवारची सकाळ होती, रस्ता रिकामा होता. मी माझी स्कूटी त्यांच्या मागे लावली आणि जीव मुठीत धरून निघाले. पहिल्याच गतिरोधकावर हे दोघं आडवे होणार, असं मला वाटत होतं. पण बाबा झकास चालवत होते, सावकाश का होईना. खड्डा आला की वळसा, म्हैस आली की हॉर्न. मागे आई मात्र एकसारखी बोलत होती. हेल्मेटला तोंड लावून बोलणं चालूच, मधूनच त्यांच्या खांद्यावर थापट्या. मला बाबांची कीव आली. म्हटलं, हिला दहा मिनिटं गप्प बसता येत नाही का, माणसाला सुखाने गाडी तर चालवू दे.

पाणथळाच्या दाराशी तिकिटाची खिडकी होती आणि तिथे एक कुटुंब भांडत होतं, कारण त्यांचा गाण्यांचा स्पीकर आत न्यायला मनाई होती. "मग आत करायचं काय?" असा त्यांचा सवाल होता. आत लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, आणि वाटेच्या शेवटी पाण्याच्या काठाला छप्पर घातलेला एक ओटा, त्यावर बाक. समोर बांबूचा पडदा आणि त्यात बघायला फटी. चिखलाचा वास, ऊन कोवळं. तिथे एक गृहस्थ तिवईवर दुर्बीण लावून उभे होते. उल्हासनगरचे सिंधी शेठ, जीन्सचं होलसेल दुकान. दर रविवारी दुकान मुलावर सोडून इथे येतात आणि येईल त्याला पक्षी दाखवतात. पोट दुकानदाराचं, पण पाणी बघताना चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

"या काका, या काकी," शेठ म्हणाले. "बघा, आज एकदम फ्रेश आवक आहे. परदेशी आयटम पण आहे. बघायचे पैसे नाय लागत."

बाबा बाकावर बसले, आई त्यांना चिकटून. तिने पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला. मी दुसऱ्या टोकाला, गळ्यात नवऱ्याची छोटी दुर्बीण. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, समोर काय दिसतंय हो?"

"पाणी."

"आणि पाण्यात?"

बाबांनी घसा साफ केला. आई वाकून डब्याच्या झाकणाशी झटत होती. बाबा म्हणाले, "खांबांवर तीन पाणकावळे. मधला पंख वाळवतोय."

मी दुर्बीण लावली. तीन पाणकावळे होते. मधला पंख पसरून बसला होता.

"क्या बात है काका!" शेठ म्हणाले.

मी म्हटलं, असेल, काळा रंग उन्हात उठून दिसतो. मी कठीण प्रश्न काढला. "आणि डावीकडे, त्या गवताच्या कडेला?"

पुन्हा घसा. "शेकाटे. दोन. लांब लाल पायांचे." बरोबर. "त्यांच्या मागे टिटवी." तीही होती. नावं त्यांनी शेठकडून उचलली असतील, असं मी धरून चालले. मी एकाला बदक म्हटलं तर शेठ हळूच म्हणाले, "ताई, ते लाकूड आहे. पण फिनिशिंग चांगलं आहे, कोणीपण फसेल." बाबा गालातल्या गालात हसले. दहा मिनिटांत त्यांनी पैकीच्या पैकी मार्क काढले आणि मी नापास झाले. वर मलाच म्हणाले, "तूच एकदा डोळे दाखवून घे, बाय."

मला खरंच लाज वाटली. ज्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली, त्यांच्यावर मी संशय घेतला. फ्लेक्सच्या माणसाचं काय, सकाळी धुकं असेल. मी हार मानून भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्यात बाबा, मी काही विचारलेलं नसताना, यशाच्या भरात म्हणाले, "आणि ती बघ, बांधावर ढोकरी बसलीय मान आत घेऊन."

माझा घास हातातच राहिला.

बांधावर खरंच मातकट रंगाचा एक बगळा अंग चोरून बसला होता. दाराशी फोटोंचा फलक होता, त्यावर त्याचं नाव वंचक लिहिलेलं. शेठही वंचकच म्हणत होते. ढोकरी म्हणणारं माणूस मला जगात एकच ठाऊक होतं. लहानपणी मी पुस्तक घेऊन पाठीला पोक काढून बसले की आई ओरडायची, "ढोकरीसारखी काय बसलीस, ताठ बस." बाबांना ढोकरी ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. ते चाळीतले. त्यांच्यासाठी ती बाकीच्यांपैकी एक होती.

मी आईकडे बघितलं. ती डब्यात बघत होती. पण तिचे ओठ हलत होते, डावा हात बाबांच्या मांडीवर होता आणि दोन बोटांनी ती हळूच थापटत होती.

"आई," मी म्हटलं, "मला त्या मागच्या बाकावरून जरा पाण्याची बाटली आणून दे ना. माझा पाय आखडलाय." ज्या बाईचे गुडघे गेलेत तिला मी उठवलं, त्याची मला आजही शरम वाटते. पण तपासणी ती तपासणी. आई नाइलाजाने उठली, दोनदा वळून बघत गेली. मी पटकन बाबांना विचारलं, "त्या उजव्या गवतात काय आहे हो, पांढरं?"

बाबांनी घसा साफ केला. वाट बघितली. पुन्हा साफ केला. मग ठासून म्हणाले, "बगळा. मोठा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? तीस वर्षं तपासणीला होतो मी. बगळाच. चोच पण दिसतेय."

बगळा कंबर धरून उठून उभा राहिला. पांढऱ्या टोपीतला एक फोटोग्राफर होता तो, हातात वीतभर लांब लेन्स. आमच्याकडे बघून वैतागून म्हणाला, "काका, हळू बोला ना प्लीज."

आई बाटली घेऊन आली तेव्हा आम्हा दोघांचे चेहरे बघून तिला सगळं कळलं. तिने बाटली बाकावर ठेवली आणि बसली.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"हळू बोल, पाखरं उडतील."

"आई!"

"दीड वर्ष," आई म्हणाली.

"म्हणजे स्कूटरवर तू मागे बसून..."

"मग काय करणार? डावीकडे रिक्षा, समोर म्हैस, पुढे खड्डा, सगळं सांगते मी. मला गाडी येत नाही, त्यांना दिसत नाही. दोघं मिळून एक डायवर होतो आम्ही."

"आणि कोणाला उडवलं असतं म्हणजे? एखादं पोर मध्ये आलं असतं तर?"

"विसाच्या वर आम्ही जातच नाही."

'आम्ही' ऐकून माझं डोकं फिरलं. मी बाबांसमोर हात पसरला, "स्कूटरची चावी द्या." बाबांनी आईकडे बघितलं. चावी आईच्या पर्समध्ये होती.

ती काढून मी माझ्या खिशात टाकली. बाबा मात्र शांत होते. पकडले गेल्यावर माणूस कधीकधी हलका होतो, तसे. म्हणाले, "मला आकार दिसतो. रंगपण दिसतो. फक्त कडा दिसत नाहीत कशाला."

"मग ऑपरेशन का नाही करून घेत? आजकाल एका तासात घरी सोडतात."

"घरी सोडतात, गाडी चालवू देत नाहीत. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन-तीन महिने गाडी बंद. ही काय करणार? जिने उतरून खाली उंबऱ्यावर बसून राहील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसेल. विहारात कोण नेणार हिला?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू, मला भीतीपण वाटते. डोळ्यात सुरी घालतात ना." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आई म्हणाली, "मला वाटलं, यांची गाडी काढून घेतली तर हे पलंगावरून उठणार नाहीत. कारखाना बंद पडला तेव्हा वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपून होते, विसरलीस? म्हणून म्हटलं, चाललंय तोवर चालवू."

म्हणजे बाबा आईसाठी आंधळेपणाने गाडी चालवत होते आणि आई बाबांसाठी डोळे उघडे ठेवून मागे बसत होती. मी पंधरा मिनिटांवर राहते. माझ्याकडे गाडी आहे आणि मला दिसतं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात मी आले नव्हते. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी ओरडते. "मग मला का नाही सांगितलंत? मी मेले होते का?"

पाण्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले. टिटव्या कोकलत डोक्यावरून गेल्या. गवतातला पांढरा टोपीवाला काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई शांतपणे म्हणाली, "तू महिन्यातून एकदा येतेस, आणि आलीस की घड्याळ बघतेस."

मी बाकाच्या टोकाला जाऊन बसले, पाठीला पोक काढून. शेठ पाण्याकडे बघून उसासा टाकत म्हणाले, "ताई, तुम्ही तर सगळा माल उडवून दिला." मग त्यांनी पिशवीतून दाल पकवानचा पुडा काढला आणि आमच्यामध्ये ठेवला. आईने त्यांना भाकरी आणि सुकट दिली. ती खाता खाता शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने. हळूहळू पक्षी परतले. आधी पाणकावळे, त्यांच्यामागून शेकाटे, उथळ पाण्यात काठ्यांवर चालल्यासारखे.

"काकी, तुम्ही या इकडे," शेठ म्हणाले. "सकाळपासून बघतोय मी. तुम्ही सगळ्यांना दाखवलं, स्वतः काय नाय बघितलं."

"तुम्हाला ऐकू येत होतं?" मी विचारलं.

"सब सुनाई देता है, ताई. पण कस्टमरच्या घरच्या मॅटरमधे आपण पडत नाय."

आई नको नको म्हणत उठली. शेठनी तिवई खाली केली. तिने पदर खोचला, एक डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा दुर्बिणीला लावला. आणि गप्प झाली.

घरातून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच गप्प झाली होती. बाबा पाण्याकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय आहे?"

आई काही बोलली नाही.

"अगं, काय दिसतंय? कोण आहे तिथे?"

आईने डोळा न काढता दुसरा हात मागे करून त्यांना थांबवलं. जरा दम धरा, असा. तिचं तोंड किंचित उघडं होतं. ती पुढे वाकली, आणखी वाकली, आणि एकदा नुसती हसली, आपल्याशीच. कशाला ते आम्हाला कळलं नाही. बाबा पाण्याकडे बघायचे सोडून तिच्याकडे वळले होते. तिच्या कडा त्यांना दिसत नसणार, पण ती पाठमोरी आहे, वाकलेली आहे आणि बोलत नाही, एवढं त्यांना कळत होतं. मी त्यांच्या शेजारी सरकले.

"दीड वर्षात हिने स्वतःसाठी काही बघितलंच नाही," ते हळू आवाजात मला म्हणाले. "जे बघितलं ते मला सांगायला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

"उद्या डॉक्टरची वेळ घे," बाबा म्हणाले. "दोन्ही डोळ्यांची. आणि मधे बुधवारी भाजीला तू ने तिला. रविवारी विहारात. जमेल?"

"जमेल."

"घड्याळ न बघता?"

"हो, बाबा."

मागे तो स्पीकरवाला परिवार ओट्यावर चढून आला होता आणि त्यांना दुर्बिणीतून बघायची घाई झाली होती. शेठनी आईच्या खांद्याला लावायला हात पुढे केला. बाबांना तो हात कसा दिसला कोण जाणे, पण ते चटकन म्हणाले, "थांबा शेठ. तिला बघू द्या."